बुडत्या नावेचे शिल्प

छत्रपती संभाजीनगरच्या उत्तरेस, बीबीच्या मकबऱ्यापलीकडे जो डोंगर दिसतो, त्याच्या कुशीत बौद्ध लेण्यांचा एक लहानसा समूह आहे. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव औरंगाबादची लेणी असे येते. वेरूळ आणि अजिंठा ही दोन थोरली भावंडे याच जिल्ह्यात असल्यामुळे या धाकट्याची विचारपूस फारशी कोणी करीत नाही. पाहुणे येतात, वेरूळ पाहतात, मकबरा पाहतात, पैठणी खरेदी करतात आणि परत जातात. पण ज्याला चार पायऱ्या चढण्याची हौस आहे त्याने तेथले सातव्या क्रमांकाचे लेणे अवश्य पाहावे.

या लेण्याच्या दर्शनी भिंतीवर, दाराशेजारी, अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची एक भव्य उभी मूर्ती आहे. तिच्या दोन्ही अंगांना चार-चार अशी आठ लहान दृश्ये कोरलेली आहेत. प्रत्येक दृश्यात माणसे कसल्या ना कसल्या संकटात सापडली आहेत आणि बोधिसत्त्वाचा धावा करीत आहेत. कोठे आग लागली आहे, कोठे तलवार उपसलेला लुटारू समोर उभा आहे, कोणाच्या पायांत बेड्या आहेत. कोणावर सिंह, कोणावर हत्ती चालून आला आहे, कोणासमोर नाग फणा काढून आहे, तर कोणासमोर साक्षात मृत्यू उभा ठाकला आहे. आणि यांतलेच एक दृश्य बुडत्या नावेचे आहे. नाव लहान, माणसे दाटीने बसलेली आणि पाणी चहूकडे. सुमारे सहाव्या-सातव्या शतकातले हे काम. 'अष्टमहाभये' या नावाने अभ्यासकांना ते परिचित आहे.

इतिहासाचा मास्तर म्हणून मी या भिंतीसमोर विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या उभ्या केल्या आहेत. दर वेळी एखादा चौकस मुलगा विचारायचाच, "सर, आपल्याकडे नाव कशी? समुद्र तर इथे नाही!" प्रश्न मोठा मार्मिक आहे. या डोंगरापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरांहून दूर. शहरातून वाहणारी खाम नदी उन्हाळ्यात मुलांनी उड्या मारून ओलांडावी इतकी. मग दगडावर छिन्नी चालवणाऱ्या त्या कारागिराला बुडत्या नावेची भीती ठाऊक कशी झाली?

उत्तर शोधायला पैठणला जावे लागते. सातवाहनांची ही राजधानी ग्रीक दर्यावर्दींनाही माहीत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातले 'पेरिप्लस' नावाचे त्यांचे एक प्रवासवर्णन आहे. त्यात पैठण हे भडोच बंदराच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे, आणि तेथला माल गाड्यांतून, अवघड वाटांनी भडोचला जातो असेही नमूद केले आहे. ही नोंद ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पैठण गोदावरीच्या ऐन काठावर. तरी माल गेला तो बैलगाडीतून, नावेतून नव्हे. दख्खनची नदी चार महिने पूर, चार महिने पाणी आणि चार महिने वाळू, अशा स्वभावाची. तिच्यावर व्यापारी जहाजे चालणार कोठून? याउलट सातवाहनांच्याच काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे, पण ती नाणी मिळतात पूर्व किनाऱ्याकडे. राज्य दोन्ही समुद्रांना भिडलेले आणि राजधानी मात्र बैलगाडीची, असा हा प्रकार होता.

या बैलगाड्यांबरोबर व्यापारी हिंडत. नाणेघाट उतरून ते कल्याणला, सोपाऱ्याला जात. तेथून जहाजात बसत आणि जे परत येत ते लेण्यांना दान देत. त्यांच्याबरोबर समुद्राच्या कथा डोंगर चढून वर आल्या. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे. पाचशे सोबत्यांसह निघालेले त्याचे जहाज फुटते आणि सारे राक्षसिणींच्या बेटाला लागतात. दुसऱ्या लेण्यात सोपाऱ्याच्या पूर्णाची कथा आहे. त्याचा भाऊ चंदन आणायला समुद्रापार गेला असता वादळात सापडतो आणि पूर्णाचा धावा करून वाचतो. त्या चित्रातले जहाज तीन शिडांचे असून त्यात ओळीने रांजण मांडून ठेवले आहेत. तेव्हा आमच्या शिल्पातली नाव ही वाटसरूंची नाव होती. ती भीती बाहेरून आलेली, ऐकीव. या मातीतल्या माणसाला तिचा प्रत्यक्ष अनुभव क्वचितच असेल.

येथल्या माणसाचा पाण्याशी संबंध होता, पण तो वेगळा होता. नदी ओलांडायची एवढेच त्याचे काम. उन्हाळ्यात पायउतार, पावसाळ्यात नाव. नावाडी म्हणेल तेव्हा बसायचे, तो नाही म्हणाला तर काठावरच्या देवळात मुक्काम ठोकायचा. पूर आलेली गोदावरी राजालाही जुमानत नाही, याचा दाखला आमच्याच भागात आहे. १७६३ च्या ऑगस्टमध्ये निजामअलीची फौज औरंगाबादकडे परतत होती. राक्षसभुवनाजवळ गोदावरी आडवी आली. निजाम काही फौजेसह उत्तर तीरावर उतरला, आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण तीरावर राहिला. मध्ये नदी. १० ऑगस्ट रोजी राघोबादादा आणि अवघ्या अठरा वर्षांचे माधवराव पेशवे या मागे राहिलेल्या फौजेवर तुटून पडले. विठ्ठल सुंदर मारला गेला आणि पलीकडच्या काठावरचा निजाम त्याला मदत पाठवू शकला नाही. बखरकार या लढाईत पराक्रम पाहतात आणि तो होताच. मला तीत नदीची शिस्तही दिसते. नाव आपल्या हिशेबाने माणसे नेते. तुमच्या घाईने नेत नाही.

नावेखेरीज आमच्याकडे सांगड होती. वाळलेले पोकळ भोपळे एकत्र बांधून तिच्या आधाराने माणसे नदी पार करीत. आपण बोलताना 'सांगड घालणे' म्हणतो त्यात हीच सांगड आहे. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीशी असाच भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधीत. मी स्वतः गावच्या विहिरीत असाच शिकलो. चुलते काठावर बसून दोर धरीत, आणि हात-पाय चालू लागले तरी पुढचा महिनाभर भोपळा सुटत नसे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. आजच्या मुलांना नावेत जे फुगीर जाकीट घालायला सांगतात आणि ज्याचा त्यांना कंटाळा येतो, ते याच भोपळ्याचे नवे रूप. नाव परदेशी असेल, पण कल्पना आजोबांची आहे.

खऱ्या दर्याशी ज्यांचा रोजचा व्यवहार, त्या कोकणातल्या लोकांनी मात्र पाण्याची संपूर्ण रीत बसवली होती. आषाढ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देईपर्यंत त्या पाण्यात लोटायच्या नाहीत. आपण घाटावरची माणसे या सणाला नारळीभातापुरते ओळखतो. वास्तविक तो एक कायदा आहे, आणि असा कायदा की ज्याला शिपाई लागत नाही. जो मोडील त्याला देव शिक्षा करो वा न करो, वारा करतोच. मराठ्यांच्या राज्यकर्त्यांनीही ही रीत मानली. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त अठराव्या शतकाच्या आरंभी आरमाराविषयी जे प्रकरण लिहिले गेले, त्यात दर्या खवळण्याआधीच आरमाराची छावणी सुरक्षित बंदरात करावी अशी आज्ञा आहे. ज्यांनी इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांच्याशी टक्कर दिली, त्यांना पावसाळ्यातल्या समुद्रापुढे माघार घेण्यात लाज वाटली नाही.

ही रीत आगबोटीने मोडली. शिडाला वारा विचारावा लागतो, यंत्राला लागत नाही, असा समज नव्या युगाबरोबर पसरला. त्याची किंमत किती जबर होती हे १९४७ साली दिसले. १७ जुलै हा त्या वर्षीचा आषाढी अमावास्येचा दिवस, दिव्यांची अवस. घरोघर दिवे घासून-पुसून पाटावर मांडायचे, त्या दिवशी सकाळी 'रामदास' ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला घरी जाणाऱ्यांनी ती खच्चून भरली होती. काशाच्या खडकापाशी तिला वादळी वाऱ्याने गाठले. मागाहून जी हकीकत सांगितली गेली ती अशी, की लाटांचे पाणी आत आले, घाबरलेली माणसे एका अंगाला धावली, आणि त्या अंगावर बोट कलंडली ती पुन्हा सावरली नाही. सहाशेहून अधिक माणसे गेली. इतकी मोठी बोट बुडाल्याची वार्ता मुंबईला कळायला कित्येक तास लागले. जवळच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांतून ज्यांना वर काढले ते वाचले. अवघ्या महिन्यावर स्वातंत्र्याचा सोहळा आला होता. त्या धामधुमीत हे दुःख देशाच्या स्मरणातून लवकर पुसले गेले. अलिबाग, रेवस, नांदगाव या भागांतली जुनी घरे मात्र ते विसरली नाहीत.

'रामदास' बुडण्यात वादळाचा वाटा होता खरा, पण नाव कलंडते कशी हे समजून घेतले तर माणसाचा वाटाही दिसतो. प्रत्येक नावेचा भार जितका खाली तितकी ती स्थिर. माणसे तळाशी बसली की नाव त्यांना सांभाळते. तीच माणसे उभी राहिली की भार वर चढतो आणि नाव डोलू लागते. त्यात दहा जण एका काठाशी गेले की तो काठ पाण्याकडे झुकतो, पाणी आत येते. आणि आत आलेले पाणी ज्या बाजूला नाव झुकेल त्याच बाजूला धावते. पुढचे काम ते पाणीच करते. म्हणून बुडणाऱ्या नावेत 'पलीकडे पळा' असे मन सांगते, तेव्हा 'जागेवर बसा' हेच शहाणपण असते. मनाविरुद्धची ही गोष्ट आयत्या वेळी सुचत नाही. ती आधीच अंगी बाणलेली असावी लागते. रीत म्हणतात ती हीच.

केवळ आपल्याकडेच असे झाले असे नाही. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकात जहाजमालक गलबते इतकी भरीत की खलाशी त्यांना तरंगत्या शवपेट्या म्हणत. जहाज बुडाले तरी विम्याचे पैसे मिळत. बुडत तो खलाशी. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या पार्लमेंटच्या सभासदाने १८७३ मध्ये यावर पुस्तक लिहिले, सभागृहात आरडाओरडा केला, आणि १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाराची रेघ मारण्याचा कायदा होऊ शकला. ती रेघ पाण्याखाली गेली की समजावे, भार जास्त झाला. साधी रंगाची रेघ, पण निरक्षर हमालालाही वाचता येणारी!

जाकिटाची गोष्टही अशीच. १८५४ च्या सुमारास वॉर्ड नावाच्या इंग्रज कप्तानाने बुचाचे तुकडे शिवलेले जाकीट तयार केले. लोकांना ते अवजड वाटे. १८६१ च्या फेब्रुवारीत व्हिटबी गावी वादळात बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी तेरा जणांची एक जीवनौका दिवसभर खेपा घालीत होती. शेवटी ती स्वतःच उलटली. तेरांपैकी बारा बुडाले. जो एक वाचला, त्या हेन्री फ्रीमनच्या अंगात तेवढे ते नव्या तऱ्हेचे जाकीट होते. बाकीचे बारा काही पोहण्यात कच्चे नव्हते. समुद्रावरच वाढलेले पुरुष होते ते. 'मला पोहता येते' असे म्हणून जाकीट बाजूला ठेवणाऱ्या आपल्या तरुणांना मी ही गोष्ट हटकून सांगतो.

आता पुन्हा आपल्या मराठवाड्याकडे येऊ. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पैठणजवळ जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, सत्तावीस दरवाजे आणि तिच्यामागे सुमारे पंचावन्न किलोमीटर लांब व सत्तावीस किलोमीटर रुंद पसरलेले पाणी. एकनाथ महाराजांच्या नावाने त्याला नाथसागर म्हणतात आणि ते सार्थ आहे, कारण भरल्या पाण्याकडे पाहताना पैलतीर दिसत नाही. ज्या मुलुखात रांजणभर पाण्यासाठी बायकांनी मैलोगणती पायपीट केली, तेथे हे पाणी पाहून म्हाताऱ्या माणसांनी हात जोडलेले मी पाहिले आहेत. शंभरावर गावे त्याखाली गेली, हेही त्याच पाण्याचे दुसरे अंग आहे.

मात्र एक गोष्ट त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली नाही. पाणी आले, पण पाण्याची रीत आली नाही. कोकणाला समुद्र मिळाला तो अनादि काळापासून, आणि त्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांत तयार झाली. घाटावर मात्र समुद्र एका पिढीत आला. नाथसागर, उजनी, कोयना ही सारी पाणी नकाशावर काल-परवा उमटली. या पाण्याचा स्वभाव नदीचाही नाही आणि समुद्राचाही नाही. नदीत पैलतीर जवळ असते, समुद्रात भरती-ओहोटीचा ठराव असतो. जलाशयात यांतले काहीच नाही. सकाळी आरशासारखे शांत, आणि वैशाखातल्या तिसऱ्या प्रहरी वळवाचा वारा सुटला की त्याला अडवायला झाड नाही, टेकडी नाही. मैलोन्‌मैल मोकळी धाव मिळालेला वारा तोकड्या, उभ्या, एकामागून एक येणाऱ्या लाटा उठवतो. लहान होडीला या लाटा समुद्राच्या लांब लाटेपेक्षाही वाईट. शिवाय पोटात बुडालेल्या बाभळी, विहिरींचे कठडे, घरांच्या भिंती असतात त्या वेगळ्याच.

उजनीवर २१ मे २०२४ च्या सायंकाळी हेच घडले. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. एक जण मात्र पोहत काठाला लागला आणि त्याच्यामुळे बातमी कळली. त्याआधी २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयावर सहलीच्या होडीतल्या अकरा जणांपैकी आठ बुडाले. २०२१ च्या सप्टेंबरात अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीवर होडी उलटून एकाच कुटुंबातली अकरा माणसे गेली. एका घरातले अकरा! सणासुदीच्या अंकात असे आकडे लिहिताना हात अडखळतो. पण ज्या घरात आज फराळाची ताटे मांडली आहेत, त्याच घरातून उद्या मुलांची सहल निघणार आहे, म्हणून लिहितो.

समुद्रकाठची रीत तरी टिकली आहे काय? तिकडेही पाहुण्यांनी ती सैल केली. डहाणूला १३ जानेवारी २०१८ रोजी शाळकरी मुलांना फेरफटका मारायला नेलेली बोट उलटली आणि तीन मुली दगावल्या. तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. आणि १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईच्या गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची एक वेगवान बोट आदळली. पंधरा जीव गेले. त्या टकरीत 'नीलकमल'वरच्या प्रवाशांचा काही दोष नव्हता. तरी शंभराहून अधिक माणसे असलेल्या त्या बोटीवर बहुतेकांच्या अंगात जाकिटे नव्हती आणि त्यानंतर ती सक्तीची झाली, हे विसरता येत नाही. 'प्लिम्सॉलची रेघ' काय आणि हा नियम काय, आधी माणसे बुडतात आणि मग अक्षर उमटते.

कायद्याचा इतिहासही तेच सांगतो. देशांतर्गत पाण्यावरच्या बोटींसाठी १९१७ मध्ये जो कायदा झाला तो मुळात आगबोटींचा. वल्ह्याच्या होडीची त्याला फारशी चिंता नव्हती. २०२१ च्या नव्या कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचाही विचार केला. चांगलेच झाले. परंतु नाथसागराच्या प्रत्येक धक्क्यावर, प्रत्येक तलावाच्या पायरीवर सरकार पहारा देऊ शकणार नाही. नारळी पौर्णिमेला शिपाई लागत नाही असे मी वर म्हटले ते याचसाठी. कायदा असतो पुस्तकात, रीत असते घरात. ती घरातच घालून दिली पाहिजे.

आणखी एक भेद आहे. पूर्वीचा माणूस नावेत बसे तो कामासाठी, आणि भीत भीत. त्या भीतीनेच तो मुकाट्याने खाली बसे. आज आपण नावेत बसतो ते हौसेसाठी. हौस वाईट नाही; वर्षभर राबलेल्या माणसाने दिवाळीच्या सुटीत मुलाबाळांना घेऊन महाबळेश्वरच्या वेण्णा तलावात होडी फिरवली, मालवणहून सिंधुदुर्ग किल्ला पाहिला, तर त्याहून चांगली सुटी कोणती? पण हौस माणसाला उभे करते. कोणी गाणे म्हणतो, कोणी पाण्यात हात घालतो, कोणी सगळ्यांना एका बाजूला बोलावून मोबाइलवर छायाचित्र घेतो. भीतीने जी शिस्त आपोआप येत होती, ती हौसेला जाणूनबुजून पाळावी लागते.

ती शिस्त फार मोठी नाही. बसण्यापूर्वी नावाड्याला विचारावे, किती माणसांची परवानगी? आणि माणसे स्वतः मोजावीत. मांडीवरचे मूलही मोजावे. होडीचा काठ पाण्याला टेकू पाहत असेल तर उतरावे, तिकिटाचे पैसे बुडाले तरी बुडू द्यावेत. जाकीट अंगात घालून बंद आवळावेत. ते बाकाखाली रचून ठेवलेले असेल तर भिंतीवरच्या देवासारखे नुसते पाहण्यापुरते उरते. मुलाला मुलाच्याच मापाचे द्यावे, कारण मोठ्याचे जाकीट पाण्यात वर सरकते आणि मूल खालून निसटते. आभाळ भरून आले, वारा फिरला किंवा सूर्य कलला, तर दुसऱ्या दिवशी यावे. नावाड्याच्या तोंडाला दारूचा वास आला, तर तेथेच नमस्कार करावा. नाव चालू असता उभे राहू नये. आणि दुर्दैवाने उलटलीच, तर बहुतेक होड्या उलटूनही तरंगतात. काठ जवळ दिसला तरी तिकडे पोहत सुटण्यापेक्षा होडीलाच धरून राहावे. काठावरच्यांनी बुडणाऱ्यामागे उड्या टाकू नयेत. दोर टाकावा, काठी टाकावी, रिकामी घागर किंवा डबा टाकावा. काहीच नसेल तर आमच्या आजोबांच्या काळी पागोटे सोडून त्याचे टोक फेकीत, तशी ओढणी किंवा साडी फेकावी. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा, अशाच रीतीने एका घरातली कित्येक माणसे पाण्यात जातात.

कोणी म्हणेल, इतके नियम पाळले तर मजा कसली? फटाके उडवताना आपण पोराच्या अंगात सुती कपडे घालतो, शेजारी पाण्याची बादली ठेवतो. त्याने दिवाळीची मजा कमी झाली असे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही. आगीची रीत आपल्या घरात आहे. अष्टमहाभयांतली ती भीती आपण ओळखली आहे. सिंह-हत्ती रानात गेले, वाटेवरचे लुटारू पुष्कळ कमी झाले. बुडत्या नावेचे भय मात्र आमच्या प्रदेशात पूर्वी ऐकीव होते, ते आता दाराशी आले आहे.

थोड्याच दिवसांत त्रिपुरी पौर्णिमा येईल. पैठणच्या घाटावर बायका पानाच्या द्रोणात दिवा लावून तो गोदावरीत सोडतील. हे काम लहान मुलींकडून करवून घेताना आया काय सांगतात ते एकदा ऐका. वात मधोमध ठेव, तेल काठोकाठ भरू नको, एका द्रोणात दोन दिवे ठेवू नको, आणि वारा पडला की मगच सोड. हे कोणी पुस्तकात वाचलेले नाही. सहलीची होडी धक्क्याला लागेल त्या वेळी याच आयांनी हेच चार शब्द त्याच आवाजात बोलावेत, आणि नावाड्याला ते ऐकावे लागावेत, एवढेच मागणे.